छोट्या सेन्सरचा मोठा कॅमेरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

येणार! म्हणजे पुन्हा एकदा येणार. ह्यांनी सकाळी दात घासता घासताच जाहीर केलं, तोंडात फेस तसाच. कंपनीचे कुणी मोठे साहेब मुलाखतीत म्हणाले, "आम्ही सर्व ग्राहकांचं ऐकतो." झालं! एवढ्या एका वाक्यावर आमच्या घरात कॅमेरा येऊन बसला. मी म्हटलं, अहो, आमच्या दवाखान्यातले डॉक्टरही सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग दात उपटतात. मी दातांच्या दवाखान्यात सकाळी नावं लिहून घ्यायला बसते, मला ठाऊक आहे. पण ह्यांना ते काही पटलं नाही.

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे वाचून निदान मला तरी समजेल. ह्यांना हवाय छोट्या सेन्सरचा मोठा कॅमेरा. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला फोटो टिपणारा चौकोन. छोटा सेन्सर कशाला? तर त्याच लेन्सने लांबचा पक्षी फोटोत जवळ दिसतो. मोठा कॅमेरा कशाला? तर यंत्र पहिल्या प्रतीचं पाहिजे, झटपट, दणकट, आणि "हात हलला तरी फोटो हलू नये" असं. कंपनी मोठ्या सेन्सरचे भारी कॅमेरे काढते आणि छोट्या सेन्सरचे साधे काढते. छोटा आणि भारी असा शेवटचा काढला त्याला आठ वर्षं झाली. तो आमच्याकडे आहे. कपाटात. दोन वर्षं झाली, हे त्याला डोळ्याला लावत नाहीत. तळ्यावर कधी जायचं? नवीन आला की. जुने फोटो कधी लावायचे? नवीन आला की. बाहेरच्या खोलीचा पडदासुद्धा नवीन कॅमेरा आला की बदलणार आहोत. पडद्याचा काय संबंध, ते विचारायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

नाही येणार. इंटरनेटवर ह्यांच्यासारख्यांचा एक कट्टा आहे, तिथे "काडीवाला" म्हणून एक गृहस्थ लिहितात. त्यांनी साहेबांच्या मागच्या सहा वर्षांच्या मुलाखती काढून दाखवल्या. साहेब दर वर्षी सर्व ग्राहकांचं ऐकतात.

दिवसभर घरात सुतक.

९ फेब्रुवारी, सोमवार

आता खरं काय ते लिहिते. इथे नाही लिहिणार तर कुठे?

तो जुना कॅमेरा मी वापरते.

नोव्हेंबरपासून. धूळ पुसायला म्हणून खाली काढला, सहज डोळ्याला लावला, खिडकीतून समोरच्या तारेवरचा कावळा बघितला. त्याच्या चोचीवरचा ओरखडा दिसला हो! दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना कॅमेरा टॉवेलात गुंडाळून लायब्ररीच्या पिशवीत टाकला. तेव्हापासून रोज. विटांच्या बंद भट्टीमागे तळं आहे, पाण्यात एक गंजका लोखंडी खांब उभा आहे, त्यावर खंड्या येऊन बसतो. मी काठावरच्या दगडावर. आठ वाजता परत, कॅमेरा पुसून जागच्या जागी, पट्टा ह्यांनी गुंडाळला होता तस्साच गुंडाळलेला. कार्डही मी माझं वेगळं घेतलंय. ते बटणांच्या डबीत असतं. ह्यांचं कार्ड ह्यांच्या जागी. ताकास तूर लागू दिलेली नाही!

आणि बॅटरी! तीन महिन्यांत मी एकदाही चार्ज केली नाही, बघावं तेव्हा भरलेली. जुना माल तो जुना माल.

सांगून का टाकत नाही? कोणत्या तोंडाने सांगू? तीस वर्षं मी त्या कॅमेऱ्याला आणि त्याच्या आधीच्या तिघांना सवत म्हणत आले. "एका पक्ष्याचे दोनशे फोटो? तो काय नवरदेव आहे?" असं चारचौघांत म्हणाले आहे. आता माझ्याकडे त्या एका खंड्याचे साडेतीनशे आहेत.

आणि दुसरं कारण जास्त मोठं. ह्यांचं कॅमेरावाल्याशी ठरलंय, नवीन आला की जुना त्याला देऊन टाकायचा. घेणारासुद्धा तयार आहे, कॅमेरावाल्याचा मेहुणा. म्हणजे कंपनीने नवीन काढला, की माझा गेला. तेव्हा हे तो यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेत, आणि मी येऊ नये म्हणून. एकाच घरातून दोन अर्ज. देवाची पंचाईतच आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खंड्या आला नाही. कंपनीची बातमीही नाही. शांत दिवस.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कुठल्याशा सरकारी कचेरीत कंपनीने एका नव्या यंत्राची नोंद केली म्हणे. नाव नाही, फोटो नाही, नुसता आकडा. कट्ट्यावर त्या आकड्याची पत्रिका मांडणं चाललंय. एक म्हणतो छोटा सेन्सर, दुसरा म्हणतो हे तर छपाईचं यंत्र असणार. मीही दवाखान्यात बसून गुपचूप वाचते. काडीवाला मला आवडायला लागलाय. तो कायम नाही म्हणतो.

संध्याकाळी ह्यांनी नव्या कॅमेऱ्यात काय काय हवं त्याची यादी करायला घेतली. म्हणजे मला करायला लावली! "मी सांगतो, तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे नकाशे काढलेला माणूस! ह्यांच्या नकाशावरचं अक्षर छापल्यासारखं, नवीन माणसांना दाखवायला साहेब ते भिंतीवर लावायचे. आणि आता माझं चांगलं. निवृत्तीनंतर माणूस संस्थानिक होतो तो असा. यादीत पहिलं काय, तर हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय. त्याखाली दोन रेघा मारायला लावल्या. दुसरं-तिसरं सांगायच्या आधीच कंटाळले.

चहाचंही एक नवीन खूळ आहे. कप अर्धाच भर म्हणतात. अर्धा जास्त गरम राहतो म्हणे! मी म्हटलं, मग रिकामा सगळ्यात गरम राहील.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. पहिला प्रश्न, "बाबांचा आला का?" मग म्हणाली, दुसऱ्या कंपनीचा आहे की तसाच, मी पाठवते. हे असे दुखावले, जसं काही तिने दुसरी आई सुचवली. सगळ्या लेन्स ह्याच कंपनीच्या, इतक्या वर्षांचा संबंध, वगैरे.

नंतर फोन माझ्याकडे आला. मी तिला तळ्यावरचे फोटो पाठवते, मैत्रिणीचे म्हणून. ती म्हणाली, "आई, तुझी ती मैत्रीण बाबांपेक्षा बरी काढते गं. हात किती स्थिर आहे तिचा."

मी विषय बदलला. पण दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. भाजी करपली.

१९ मार्च, गुरुवार

खंड्याची जोडी जमली आहे! काठाच्या मातीत बीळ करताहेत, आळीपाळीने आत जातात, चोचीला चिखल लावून बाहेर येतात. पुस्तकात बघितलं. अंडी, मग पिल्लं, मग पिल्लांनी पहिल्यांदा बिळाबाहेर यायचं, सगळं मिळून दीड-दोन महिने. म्हणजे मे महिना.

एवढंच हवंय मला. ती पिल्लं त्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसतील तो एक फोटो. त्यानंतर कंपनीने काय हवं ते काढावं. मे महिन्यापर्यंत नको.

२८ मार्च, शनिवार

कट्ट्यावर गडबड. काडीवाला गप्प आहे. हे लक्षण चांगलं नाही.

७ एप्रिल, मंगळवार

आला.

अफवा नाही, कंपनीनेच जाहीर केलाय. छोटा सेन्सर, मोठा कॅमेरा, पहिल्या प्रतीचा. यादीतलं पहिलं कलम आहेच, आधीपेक्षा कितीतरी पटीने चांगलं. काडीवाल्याने कट्ट्यावर जाहीर माफी मागितली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते माफीमुळे नव्हे.

हे नाचतील असं वाटलं होतं. आठ वर्षं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला माणूस! पण हे सगळं शांतपणे वाचत राहिले, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "दुकानात आला की हातात घेऊन बघू." मला वाटलं, आनंद पुरवून पुरवून खाताहेत.

पिल्लं अजून बाहेर यायची आहेत. मी आज दोनशे फोटो काढले, नुसत्या बिळाचे.

१८ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

कॅमेरावाल्याचा फोन आला होता, नवीन आलाय, या. हे म्हणाले, जुनाही घे बरोबर. मी पिशवीत घातला. रस्ताभर पोटाशी धरून चालले. दुकान जवळ आलं तशी माझी पावलं जड झाली, ह्यांची पण हळू पडत होती, ते मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

कॅमेरावाल्याने नवीन काउंटरवर ठेवला. ह्यांनी उचलला, डोळ्याला लावला, समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर धरला. बराच वेळ धरला. मग तीन-चार फोटो काढले. कॅमेरावाल्याने ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितले आणि एकदम उन्हाळ्याबद्दल बोलायला लागला.

ह्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "छान आहे. पण हा तो नव्हे. पुढच्या मॉडेलला बघू."

मला खुदकन हसूच आलं. कंपनीने आठ वर्षं घालवली आणि आमच्या ह्यांनी दोन मिनिटांत नापास केला!

कॅमेरावाल्याने विचारलं, मग जुना तरी देताय का, मेहुणा मागे लागलाय. मी पिशवी आणखी घट्ट धरली. हे म्हणाले, "तो नाही द्यायचा. तो चालू आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, दोन वर्षं बंद आहे?"

"माझा बंद आहे. घरात चालू आहे."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! मी भिंतीवरच्या पट्ट्यांच्या किमती वाचत उभी.

बाहेर पडल्यावर ह्यांनी सांगितलं. फोटोला नंबर असतो. कार्ड बदला, पुसा, काही करा, कॅमेरा आपला पुढेच मोजत जातो. ह्यांनी सहा हजार एक्केचाळीसवर सोडला होता. नोव्हेंबरात एकदा सहज चालू केला तर आकडा पुढे सरकलेला. मी इकडे कार्ड बटणांच्या डबीत लपवतेय, आणि ती सवत पहिल्या दिवसापासून माझा हिशेब सांगतेय!

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

आणि थोडं पुढे गेल्यावर, "बॅटरी कोण भरत होतं असं वाटलं तुला?"

मी रस्त्यात उभी राहून हसले. लोक बघायला लागले. ह्यांचा हात धरला, म्हटलं, उद्यापासून तुम्हीही चला, त्या पिल्लांना बघायला. हे "बघू" म्हणाले आणि हात खिशात घातला. लाजले असतील. ह्या वयात!

माझा कॅमेरा वाचला. आज मी फार खूष आहे.

१९ एप्रिल, रविवार

सहा हजार एक्केचाळीस कोणता ते बघावं वाटलं, जिथे हे थांबले आणि मी सुरू झाले. हे कधीच फोटो पुसत नाहीत, सगळे संगणकात तारखेवार असतात. सापडला. माझाच खंड्या, माझाच खांब. हललेला. आधीचा हललेला. त्याच्या आधीचाही. मागे मागे जात राहिले. शेवटच्या दिवशीचे एकशे चाळीस फोटो, आणि शेवटच्या साठात पक्षीसुद्धा नाही, नुसता लोखंडी खांब. खांब काही उडत नाही. तरी प्रत्येक फोटोत दोन-दोन दिसतात.

अर्धा कप. तुझं अक्षर चांगलं आहे. यादीतलं पहिलं कलम, दोन रेघा. ह्यांचे हात थरथरतात. दोन वर्षं. आणि मी चिडवतेय. मला माझी लाज वाटली.

स्वयंपाकघरात हे दोन्ही हातांनी कप धरून बसले होते. शेजारी जाऊन बसले. फोनवर कट्टा उघडला.

"ऐकलंत का," मी म्हटलं, "काडीवाला लिहितोय, पुढच्या मॉडेलवर काम सुरू झालंय. हात कितीही हलू दे, फोटो हलायचा नाही म्हणे."

"काडीवाला असं लिहिणार नाही. अफवा असेल."

"येणार," मी म्हटलं.