कंपनीची दाढ

उत्तर अल्बर्टा, ऑक्टोबर

प्रिय आई,

मी मजेत आहे. गाल थोडा सुजलाय, पण काळजी करू नकोस.

आमच्या गॅस कंपनीनं इथल्या डेने आदिवासींच्या वस्तीसाठी दातांच्या डॉक्टरची गाडी पाठवली. ती आणली मीच, पण भीतीनं कुणी आत चढेना. गाडी रिकामी परतली असती, तर साहेबांनी योजनाच गुंडाळली असती.

वस्तीतल्या अगाथ आजी म्हणाल्या, "बाळा, आधी तू बस. मग बघू."

बसलो. तू जिच्यावरून कटकट करायचीस ना, तीच किडकी दाढ डॉक्टरनं उपटली. मी बोंबललोसुद्धा.

आजींनी दाढ उचलून सगळ्यांना दाखवली. "बघा रे, इतक्या वर्षांत कंपनीनं पहिल्यांदाच पदरचं काही दिलं!"

हसत हसत तीस जण रांगेत उभे राहिले.

बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझाच, सूपवर जगणारा
लेलंड