माझ्या पाळीतला गुळाचा खडा

मंगळवार, तिन्हीसांजेला

गावानं पैसे जमवून काढलेल्या किराणा दुकानात परवा एक भाग विकत घेतला, म्हणून आज पहिली पाळी. भाग घेतलेल्यानं आठवड्यातून एक ठरलेला दिवस तराजूवर बसायचं, अशी रीत. नोकर नाही, सगळेच मालक. सकाळपासून मी मात्र एकट्या मालकासारखा बसलो होतो, खोटं कशाला लिहू.

दुपारी वरच्या आळीतली पूजा आली. अर्धा किलो गूळ मागितला. काटा बरोबर आला होता, तरी मी वर एक खडा टाकला. तिनं तो उचलून परत गुळाच्या परातीत ठेवला.

"राहू दे की. मालक हाय मी आता."

"तू एकटाच का? आमच्या आईचा पण भाग हाय. तिचाच गूळ मला फुकट वाटतो व्हय?"

मागं उभ्या कमलमावशी हसल्या. "बोल की मालका."

मागं कॉलेजात सर चारचौघांत एवढंच बोलले होते, तर वह्या तिथंच टाकून कायमचा निघून आलो. आज राग कसा आला नाही? खडा ठेवताना ती हसत होती का? मान खाली होती, नीट दिसलं नाही.

मी तिच्यासमोर पुन्हा तोललं. काटा मधोमध. पायरी उतरताना ती म्हणाली, "तेल न्यायचंय. येत्या मंगळवारी येते."

दुकान बंद करताना तो खडा शोधत बसलो. रीतसर विकत घेणार होतो. सापडला नाही, सगळे सारखेच.

तेल तर दुकानात रोज असतं. आजही डबा तिच्यासमोरच होता. मग मंगळवारच का?