रॅपच्या कॅसेटवर आईला निरोप

मिलवॉकी, शनिवार, नोव्हेंबर १९९४

आईला वाचता येत नाही, म्हणून कॅसेटवर बोलून पाठवते. आज दुकानात पडून राहिलेली एक रॅपची कॅसेट आणली, पुसून वर बोलायला. पण पुसण्याआधी ऐकली, तिथेच फसले. गाणारा याच शहरातला. गाण्यात एकवीस नंबरची बस येते. म्हणजे माझीच, रोज लॅबला नेते ती. स्वतःच्या वस्तीचं नाव तर दर गाण्यात, अगदी ठासून. इथल्या मराठी मंडळींत मी नुसतं नागपूर सांगते, आमची इंदोरा वस्ती गिळते. का?

पुसवेना. गाणी संपल्यावर थोडी कोरी टेप होती, तिथे बोलले, ‘जय भीम आई, इंदोऱ्याची सुषमा बोलतेय.’

आईला टेप पुढे पळवता येत नाही. आधी एकवीस नंबरची बस ऐकेल, मग मला.