यंत्राच्या हाताला लागलेली हळद

तीर्थस्वरूप सुलूताईस,

धाकट्या काशीनाथचा साष्टांग नमस्कार. इकडे आमच्या पूनम सागर वसाहतीत आम्ही सगळे ठीक आहोत. माझे गुडघे तेवढे वेगळ्या मताचे आहेत. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी अजून पाणी घालताना आंब्याच्या कलमांशी भांडतात का? (कधीतरी कलमांचीही बाजू ऐकून घ्या.)

दिवाळीपर्यंत समिधाची नोकरी कायम झाली नाही, तर तिने रत्नागिरीला परतावं आणि चिपळूणच्या स्थळाला होकार द्यावा, हा तुझा हुकूम मला पाठ आहे. म्हणून घडलं ते क्रमाने सांगतो. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नकोस.

तुझ्या लेकीची प्रयोगशाळा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या डब्यांच्या कारखान्याला चिकटून आहे. शरीरात सूज आणण्यात ज्याचा हात असतो अशा एका एन्झाइमला (शुद्ध मराठीत विकर, वागणूक मात्र विकाराची) कोणत्या वनस्पतीचा अर्क आवरतो, ते तिथे बघतात. बघणारं माणूस नाही, यंत्र. एक पोलादी हात बारीक खळग्यांच्या ताटलीत अर्क, पाणी आणि विकर थेंबाथेंबाने घालतो, मग आत दिवा लागतो. विकर काम करत असेल तर खळगा चमकतो, अर्काने त्याला आवरलं तर मंद पडतो. तू पाठवलेली निर्गुंडीही त्या ताटलीत जाऊन बसली.

दसऱ्याला यंत्रपूजा ठरली. गुरुजी जेसल पार्कातल्या पूजांमध्ये अडकले, तेव्हा समिधाने साहेबीणबाईंना, म्हणजे ममता मॅडमना, सांगितलं की माझ्या मामांना संस्कृत येतं. (व्याकरण शिकवणारा आणि पूजा सांगणारा यांतला फरक मी आता कोणाला समजावत नाही; पेढे दोघांनाही मिळतात.) मॅडम म्हणाल्या, "मामाजी, जरा शॉर्टमें करना, मशीन का टाइम बुक है." समिधा म्हणाली, "मामा, हार बाहेरून घाल. आत बोट लावायचं नाही."

पण पूजा करायची आणि जो हात दिवसभर राबतो तोच कोरडा ठेवायचा, हे मला पटेना. ती निरांजन आणायला वळली तेवढ्यात मी झाकण उचललं आणि त्या हाताला सढळपणे हळदकुंकू वाहिलं. थोडी हळद खालच्या पाण्याच्या पेटीत सांडली. शुभच, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा निकाल आला, तर यच्चयावत वनस्पती उत्तीर्ण, आणि निर्गुंडी पहिली. मॅडमनी वर कळवायला फोन हातात घेतला. मी सगळं श्रेय मनातल्या मनात माझ्या उच्चारांना देऊन मोकळा झालो होतो. एवढ्यात तुझी लेक म्हणाली, "मॅडम, रुकिये. पानीवाला भी पास हुआ है."

ताटलीत काही खळगे नुसत्या पाण्याचे ठेवलेले असतात. तिथे विकराने मोकाट चमकायला हवं होतं, तर तेही मंद. नुसत्या पाण्याने सूज उतरली असती तर आपल्या खाडीकाठी कोणाचे गुडघे दुखले नसते. झाकण उघडलं तेव्हा उलगडा झाला: पेटीतली हळद पाण्यावाटे सगळ्या ताटलीभर पसरून प्रकाश गिळत बसली होती.

तुला हे सुचलं कसं, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आई आमसुलं तोलायच्या आधी रिकामी तागडी उचलून बघते ना, तसंच." ताई, त्या तागडीला माझा नमस्कार सांग. माझी अब्रू आणि पोरीची नोकरी, दोन्ही तिच्यात तोलली गेली.

मग यंत्र धुणं आलं. शिक्षा म्हणून नव्हे, पण खालची फरशी पुसायला मलाच बसवलं. पुन्हा चाचणी झाली. बऱ्याच वनस्पती नापास झाल्या, निर्गुंडी दुसऱ्या श्रेणीत पास. मॅडम मला म्हणाल्या, "जो लडकी अपना ही अच्छा रिझल्ट रोक दे, उसको मैं जाने दूँगी क्या?" काल समिधाला कायम केल्याचं पत्र मिळालं. हळदीच्या अहवालात तिने माझं नाव घातलेलं नाही, 'बाहेरून आलेलं दूषण' एवढंच लिहिलंय. इतक्या वर्षांच्या अध्यापनात माझं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

तुझा ऋणी,
काशीनाथ

ता. क. निर्गुंडीचं आणखी एक पोतं पाठव. प्रयोगशाळेला नको, मला हवंय. निर्गुंडी ताटलीतल्या विकराला आवरते एवढंच यंत्र सांगतं, गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. माझे गुडघे मात्र फरशी पुसल्यापासून गप्प बसत नाहीत.

ता. ता. क. चिपळूणकरांचा फोन इकडेच आला होता. समिधाला विचारून मी तुझ्या वतीने नकार कळवला आहे. त्यांनी तुला विचारलं तर गडबडू नकोस. तू फार नम्रपणे बोललीस, ताई.