परण्याची गाडी आणि तिच्या सायलेन्सरची व्यवस्था

मी, मल्लिनाथ भुजंग बिरादार, वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., धंदा सायलेन्सर दुरुस्ती, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. 'दडपणाशिवाय' लिहून थोडा थांबलो, कारण ते पूर्ण खरे नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडीखाली झोपून काम करत असताना जॅक घसरला. शेजारी टाकून ठेवलेल्या जुन्या चाकावर गाडी टेकली, म्हणून मी हे लिहितो आहे. बाहेर आलो तेव्हा पत्नी सिंधु पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "तुमचं व्हायचं ते होईल. पर हे धूड मी कुणाच्या गळ्यात बांधू, तेवढं लिहून ठिवा." प्रश्न योग्य होता. पाणी मला दिले नाही, ते तिने स्वतःच प्यायले.

कलम एक. राहते घर सिंधुचे. तिच्या पश्चात ते आमची मुलगी ऋतुजा हिचे. बँकेतली ठेव ऋतुजाच्या लातूरच्या शिक्षणासाठी. ठेव किती ते इथे लिहीत नाही. आकडा पाहून ती शिक्षण आवरते घेईल अशी भीती आहे.

कलम दोन. दुकानातले पाइप वाकवायचे यंत्र आणि वेल्डिंगचा संच धाकटा भाऊ सुदर्शन याला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेले नाही, आणि आताही मेल्यावरच कळावे अशी व्यवस्था करतो आहे.

कलम तीन. आडत दुकानदार चन्नबसप्पा यांच्यावरचा राग मी सोडतो. त्यांच्या मुलाच्या परण्यात, म्हणजे लग्नाआधीच्या मिरवणुकीत, आमची गाडी नवरदेवाला घेऊन मारुतीला निघाली, तेव्हा शोभेसाठी त्यांनी मागच्या दोन्ही नळकांड्यांत झेंडूचे गुच्छ गच्च खोचले. धूर कोंडला, इंजिन बंद पडले, नवरदेव चालत गेला. ते आजही सांगतात की बिरादारांची गाडी ऐन वेळी दगा देते. राग सोडला आहे. पण त्यांनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी, म्हणजे झेंडूची हकिकत त्यांच्या नजरेखालून एकदा तरी जाईल.

कलम चार. आता गाडी. सन १९९६ची लांब, काळी जर्मन मोटार. वडील भुजंगराव मुखेडला गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होते. त्यांनी ती हैदराबादच्या एका डॉक्टरकडून घेतली आणि त्याच दिवशी नियम केला: "शुभकार्याबिगर ही गाडी हलणार न्हाई." तेव्हापासून ती दसऱ्याला पूजेसाठी शेडबाहेर येते आणि लग्नसराईत नवरदेवाला घरापासून मारुतीपर्यंत बँडच्या मागे माणसाच्या चालीने नेते. एरवी चादरीखाली असते. वडिलांच्या पश्चात ती माझ्या नावावर आहे. एवढी जपलेली गाडी आमच्या भागात दुसरी नसेल, आणि इतके सायलेन्सर खाल्लेलीही नसेल.

कारण साधे आहे. पेट्रोल जळताना पाणीही तयार होते. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळाली की सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि पाण्याची वाफ निघून जाते. परण्याच्या चालीत इंजिन तापते, सायलेन्सरचा मागचा डबा तापत नाही. पाणी तिथेच साचते, धुरातले आम्ल त्यात उतरते आणि पत्रा आतून कुजतो. वरून पॉलिश चकचकीत. शेजारच्या वैजनाथ टायरवाल्याची कांदे वाहणारी जीप अजून पहिल्याच सायलेन्सरवर आहे. वडिलांना मी हे समजावले होते. ते म्हणाले, "पाणी रेडिएटरमधी असतंय. धुराड्यात कुठलं पाणी? कॉलेजात हेच शिकलास?" मी आणखी एक नवा डबा बसवला.

कलम पाच. गाडी कोणाला द्यावी, यावर मी बरेच दिवस अडलो. हक्काने ती सुदर्शनची, कारण परण्याची सगळी बोलणी तोच करतो. पण त्याला तिचा आवाज हवा आहे. बनवणाऱ्यांनी या गाडीखाली तीन डबे रबरी कड्यांवर टांगले आहेत. पहिला धूर स्वच्छ करतो, दुसरा घुमणारा सूर मोडतो, तिसरा उरलेला आवाज गिळतो. सुदर्शनने सरळ पाइप आणूनही ठेवला आहे.

परवा जेवताना म्हणाला, "अण्णा, ते डबे काढून टाकू. परण्यात गाडीचा आवाज न्हाई आला की लोक म्हनतेत, ढकलत आनली."

सिंधु म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. ह्या घरात गप बसणारी तेवढी एकच हाय."

मी हसलो नाही. परण्यात तो डिकी उघडी ठेवून तिच्यात लहान पोरे बसवतो. कापून जोडलेला पाइप एखाद्या सांध्याशी फुटला, तर धूर डिकीत शिरेल, आणि त्यातला जो वायू माणूस मारतो त्याला वास नसतो. पोरे पेंगली तर लोक म्हणतील, दमली. म्हणून ठरवले की गाडी सुदर्शनलाच, पण अटींवर. डिकीत कोणी बसू नये. डबे कापू नयेत. रबरी कड्या चिरल्या की बदलाव्यात. मागच्या डब्याच्या बुडाशी बारीक छिद्र आहे, ते पाणी निथळण्यासाठीच ठेवलेले असते; सुदर्शनने ते दोनदा गळती समजून वेल्डिंगने बुजवले आहे, तिसऱ्यांदा बुजवू नये. आणि दर रविवारी गाडी जळकोटपर्यंत न थांबता न्यावी-आणावी. हार नाही, बँड नाही.

अटी ऐकून सुदर्शन म्हणाला, "मग ही गाडी कामून घेऊ? नुसती चालवायची गाडी तर माझ्याकडं हाय."

ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, लातुरात स्कूटी लावायला जागा न्हाई. तुमी काय बोलायलात?"

वडिलांनी आयुष्यभर जपलेली वस्तू चालवण्याच्या अटीवर कोणालाच नको होती. मला वाईट वाटले, आणि आत कुठेतरी बरेही वाटले. ते बरे वाटणे तपासले. कुणीच घेतली नाही तर ती माझ्याकडेच, चादरीखाली राहणार होती. वडिलांचा नियम मला वाटतो तितका परका नव्हता.

तेव्हा सिंधु म्हणाली, "मला द्या की."

मी म्हणालो, "लिहितो. माझ्या पश्चात तुझी."

"मेल्यावर कामून? ह्या गाडीत मी एकदा बसले, नवरी म्हणून. तव्हा मांडीवर तुमची आत्या होती. माझी भैन जळकोटला हाय. तिच्याकडं मी यष्टीनं जाते, आन् ही शेडमधी झोपलेली. ह्या रविवारी चला. साधी साडी नेसून येनार मी."

म्हणून कलम सहा असे लिहिले: सदर गाडी येत्या रविवारपासून, मी जिवंत असलो तरी, सिंधुची.

मसुदा वकिलांना दाखवला. ते म्हणाले, मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतरच सुरू होतो. रविवारपासून देता येत नाही. कायद्याचे बरोबर आहे. म्हणून कलम सहा खोडले आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. गाडी नावावर करण्याच्या अर्जावरही आज सही केली आणि किल्ली सिंधुच्या हातात दिली. चादर तिने धुवायला टाकली.

सबब, सदर मोटार आता माझ्या मालकीची राहिलेली नाही. तिच्या अगर तिच्या सायलेन्सरच्या बाबतीत काही ठरवण्याचा मला अधिकार नाही. कलम पाचमधील अटी मालकिणीने विनंती म्हणून वाचाव्यात.

मृत्युपत्र करणार : मल्लिनाथ भुजंग बिरादार (सही)

साक्षीदार १ : वैजनाथ, टायर दुकान. मजकूर वाचला. मल्लिनाथने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : चन्नबसप्पा, आडत दुकान. मल्लिनाथने माझ्यासमोर सही केली, तेवढ्यापुरता साक्षीदार. झेंडू फक्त डाव्या नळकांड्यात होता.

ठिकाण : उदगीर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार