शिलाई मशीनची रेकॉर्ड आणि थोरल्या वन्सं

तीर्थस्वरूप थोरल्या वन्संना, गुडघे परवानगी देतील तितकंच वाकून नमस्कार.

माझं पत्र पाहून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. तुमचे बंधू मजेत आहेत. कान गेल्यापासून त्यांना संसारात काही खटकत नाही. तुमची कंबर कशी आहे? जिना चढताना अजून मध्ये थांबता, की आता खालूनच हाका मारून वरच्यांना खाली उतरवता? नवे दात बसवलेत असं कळलं. बरं केलंत. तुमच्या बोलण्याला दात लागतातच (हे कौतुक आहे, तसंच घ्या). मी शाळा दुसरीत सोडली हे तुम्ही माझ्या लग्नापासून भेटेल त्याला सांगत आला आहात, तेव्हा माझ्या अक्षराबद्दल वेगळं काही लिहीत नाही.

विषय लांबून येणार आहे, म्हणून चहा घेऊनच वाचायला बसा. आपली नात आमच्या दुकानामागच्या खोलीत संगीत करते हे तुमच्या कानावर आलं असेल. त्या संगीतात गाणं नसतं, गाणारा नसतो, ओळखीचं वाद्य तर नसतंच. असतात ते बटणांचे डबे आणि वायरी. एक बटण दाबलं की आमचा मोरीतला नळ गळतो, दुसरं दाबलं की तोच नळ उलटा गळतो. याला प्रयोग म्हणतात. आपल्या वेळी याला प्लंबर बोलावत. तर एके दिवशी दारात एक लांबडा माणूस उभा राहिला, गळ्यात वायरींची भेंडोळी. मी म्हटलं, वायरमन, आलास एकदाचा, आणि त्याला स्टूल देऊन मोरीतला दिवा दाखवला. त्याने दिवा दुरुस्त केला. मग मी घंटी दाखवली, तीही केली. मग पाणी प्याला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की मी तुमच्या नातीबरोबर रेकॉर्ड करायला आलोय, तर आत जाऊ का? मोठा नावाजलेला संगीतवाला निघाला म्हणे. पण मी एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही. घरात त्याला वायरमनच म्हणतात, आणि इस्त्रीसुद्धा त्यानेच नीट केली.

दोघांनी मिळून रेकॉर्ड करायची आणि कंपनीने ती बाजारात आणायची, असा करार होता. त्यांना ठेका सापडेना. डबे बडवून झाले, दार आपटून झालं. शेवटी त्यांना मागच्या खोलीत माझं मशीन ऐकू आलं आणि दोघं धावत बाहेर आले, जणू दुकानाला आग लागली. माझ्या मशीनचा पट्टा जुना आहे, तो दर फेरीला एकदा अडखळतो, चाक खट् करतं आणि पुन्हा पळतं. ते अडखळणंच त्यांना हवं होतं. (आयुष्यभर मी त्या पट्ट्याला शिव्या घातल्या आणि आता तो कलाकार झाला.) त्यांनी मशीनखाली एक माइक लावला आणि माझ्या तोंडासमोर दुसरा, केसाळ, मांजराच्या शेपटासारखा. मला वाटलं धूळ झटकायला दिलाय, म्हणून मी त्याने सगळं मशीन पुसून काढलं. वायरमनने कानावरचे ते गोळे काढले, डोळे मिटले आणि म्हणाला, आजी, पुन्हा पुसा.

आता माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. जीभ चालल्याशिवाय माझा पाय चालत नाही. गप्प बसून शिवलं की शिलाई वाकडी जाते. आणि प्रत्येक कामाचा माझा विषय ठरलेला आहे. काजं करायची तर दूधवाला. टोचरं, लहानसं काम, त्याला तेवढा पुरतो. बाह्या लावायच्या तर घरमालक, कारण त्यालाही दोन्ही बाजूंनी फिरवून घ्यावं लागतं. पडदे म्हणजे मात्र लांब, सरळ, कधी न संपणारी शिलाई. तिला विषयही तसाच लागतो. नातीने नेमके पडदेच शिवायला सांगितले. मग मी एका नातेवाईक बाईंविषयी बोलले. नाव कशाला घ्या.

या बाईंना आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती छान वाटलेली नाही. मी कोट शिवला, की त्या हाताने चाचपून म्हणणार, ‘छान आहे, पण!’ घराला रंग दिला, ‘छान आहे, पण!’ मला मुलगा झाला तेव्हा पाळण्यात वाकून बराच वेळ बघितलं आणि तिथेही, छान आहे, पण. (पोर काय पुन्हा उसवून शिवायचं होतं?) मी त्यांची नक्कल बरी करते. वायरमनने त्यातला तो ‘पण’ तेवढा कातरून काढला आणि मशीनच्या ठेक्यावर टाचला. पण, खटाखट, पण पण, खटाखट, पण! वन्सं, खोटं सांगत नाही, पाय जागेवर राहीना. नात उड्या मारत होती, वायरमन स्टुलावर चढून नाचला (दिवा पुन्हा गेला, पुन्हा त्यानेच लावला), आणि तुमचे बंधू, ज्यांना ढोल ऐकू येत नाही, ते मशीनच्या टेबलावर पंजा ठेवून मान डोलवायला लागले. मला म्हणाले, हे तर थोरलीसारखं वाटतंय. हाताला कळलं त्यांच्या.

आणि अशी रेकॉर्ड कंपनीने बासनात गुंडाळून ठेवली. रद्द केली असं कोणी म्हणेना, नुसतं ‘सध्या थांबवलंय’. हे मला चांगलं कळतं. माझ्या फळीवर गिऱ्हाइकांचे असे कितीतरी कपडे सध्या थांबलेत, त्यातली काही गिऱ्हाइकं तर आता वर गेली. दुसऱ्या कोणाला रेकॉर्ड देता येत नाही, करार तसा आहे. नातीने डबे खोक्यात भरायला घेतले आणि उद्यापासून कुठेतरी हिशेबाची नोकरी बघते म्हणाली. वायरमन म्हणाला, मला दिवे लावायचा बरा सराव झालाय, मी तेच करतो. घर इतकं चिडीचूप झालं, की माझी शिलाई वाकडी जायला लागली. ते मला परवडणारं नाही. मी नातीला पुढे घातलं आणि कंपनीत गेले.

कंपनी म्हणजे सगळी काच. बसायला एक मऊ गादी, तिच्यात बसलं की माणूस तळाला जातो आणि दोघांनी ओढल्याशिवाय निघत नाही. साहेब आले ते हसतच. बाजार थंड आहे, लोकांची आवड, वेळ योग्य नाही, असं पुष्कळ बोलले. माझं लक्ष त्यांच्या पँटकडे. एका पायाची दुमड उसवून लोंबत होती. सुई माझ्या गळ्यापाशी टोचलेली असतेच. मी म्हटलं, साहेब, पाय इकडे करा, असं बाहेर हिंडू नका. पाय माझ्या मांडीवर घेतला आणि टाके घालायला लागले. आता जीभ चालायलाच हवी, म्हणून विचारलं, खरं कारण काय? ते म्हणाले, बाजार. मी म्हटलं, हलू नका हं, सुई घोट्यापाशी आहे. मग मात्र भराभर बोलले. रेकॉर्ड त्यांना स्वतःला फार आवडली होती, गाडीत रोज वाजवतात. अडवलं होतं ते कंपनीच्या वकिलीणबाईंनी. त्यात म्हणे एका बाईंची नालस्ती आहे, आणि बोलण्याच्या भरात आजींनी त्यांचा पत्तासुद्धा सांगितलाय : बेकरीच्या वरचा मजला, हिरवं दार. त्या बाई कोर्टात गेल्या तर कंपनी बुडेल.

(वन्सं, तुमचं दार अजून हिरवंच आहे ना?)

दोरा दातांनी तोडला, पाय परत केला. साहेब म्हणाले, झकास झालंय. त्यापुढे ‘पण’ नाही. माणूस चांगला आहे.

एवढंच कळवायचं होतं. कंबरेला जपा, जिन्यात घाई करू नका.

तुमची, तुम्हीच पसंत केलेली आणि तेव्हाही काहीतरी ‘पण’ काढलेली,
धाकटी भावजय

ता. क. एवढंच कळवायचं नव्हतं. त्या बाई हरकत नाही असं वकिलीणबाईंच्या तोंडावर सांगतील तर रेकॉर्ड निघेल, नाहीतर पोरीचे डबे खोक्यातच राहतील. तेव्हा या. मी माफी मागत नाहीये, कारण खोटं एक अक्षर बोललेली नाही. पण या.

ता. क. दुसरा. रेकॉर्डला मागची बाजू असते आणि ती रिकामी आहे. वायरमन म्हणतो ती तुमची. माझ्याविषयी जे काय इतकी वर्षं साठलंय ते सगळं बोला, पत्त्यासकट बोला. तुमच्या बैठकीचे पडदे नाहीतरी आखूड आहेत, कापड घेऊन या. तुम्ही बोला, मशीन मी मारते. माझ्या नकलेत तुमचा दम नाही, हे ऐकताना मलाच कळतं. दात घालून या.

ता. क. तिसरा. पत्र नातीला वाचायला दिलं. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा हसली, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, आजी, छान आहे, पण. रक्त तुमच्याच घरचं. पुढचं मी ऐकून घेतलं नाही, पाकीट चिकटवलं.