पाणी नको, उशीर होतोय

माय,

आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं, त्याचं कारण चांगलं नाही. तू असतीस तर कदाचित हे सांगितलंही नसतं. दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. तू गेल्यावर मी परभणीतच राहिले, त्याच शाळेत शिकवते, आणि माझं सगळं आता पूर्वीपेक्षा लवकर होतं. गॅस आहे, कुकर आहे, शाळेत जायला लूना आहे. एकीकडे भाजी शिजत असते, दुसरीकडे मी वह्या तपासते. शाळेत कुणाचं काम अडलं की म्हणतात, बाईंकडे द्या, झटक्यात होईल. हे ऐकायला मला आवडतं. तुझं सगळं उलटं होतं. तू कुणाच्या दारात गेलीस की ऊन उतरल्याशिवाय परतायची नाहीस. बाबा म्हणायचे, "हिच्यासंगं निरोप धाडू नका, पोचंपस्तोर शिळा व्हतो." आणि मयतीच्या घरी तर तू बसलीस की बसलीसच. बोलायचीही नाहीस. त्या घरच्या सुपात जे असेल ते पुढ्यात ओढून निवडत राहायचीस. मला त्याचा फार कंटाळा यायचा.

माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई शिकवतात. आमची मैत्री जुनी आहे. मधल्या सुट्टीत आम्ही डबा एकत्र खातो, तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी मीच संपवते. ती बौद्ध आहे. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. शाळेत ते कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही. विद्यापीठाच्या नावाची बातमी पेपरात आली की स्टाफरूममध्ये सगळे अचानक हजेरीपटात डोकं घालतात. ती माझ्याकडे येऊन गेली आहे, हळदीकुंकवालाही आणि एकदा सहजही. तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. बोलावलं नव्हतं असं नाही. वेळ झाला नव्हता. निदान मी तसं म्हणत होते.

मागच्या महिन्यात तिचा नवरा अचानक गेला. मी शाळेला जाता जाता तिच्याकडे गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. ती भिंतीला टेकून होती, डोळे कोरडे. मी तिचा हात हातात घेतला आणि आपण सगळे जे बोलतो तेच बोलले, की धीर धरा, मुलांकडे बघा. बोलताना दुसऱ्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. तेवढ्यात तिची सासू आतून पाण्याचा पेला घेऊन आली. म्हातारी गावाकडची, पाठीत वाकलेली. "घ्या बाई, उन्हातून आलात," म्हणाली. मी म्हणाले, "पाणी नको आजी, उशीर होतोय. शाळा भरेल."

म्हातारी पेला धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्यायला उशीर व्हायलाय. आपल्या घरी आलं की समद्यायलाच उशीर व्हतो."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. माझी मैत्रीण हसली नाही, पण मला आश्चर्य वाटलं ते याचं, की तिला आश्चर्य वाटलं नाही. मी उठले. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, तेवढं मात्र नेमकं लक्षात राहिलं. न बोलता उठले, लूना सुरू केली आणि घंटेच्या आधी शाळेत पोचले.

माय, मला खरंच उशीर होत होता. पण आधी मी घड्याळ पाहिलं की आधी पेला पाहिला, हे मला आठवत नाही. रोज संध्याकाळी डायरी लिहायला बसते आणि तिथेच अडते. मला तहान नव्हती, असंही लिहून पाहिलं. पण आपल्या नात्यातल्या कुणाच्या घरी अशा वेळी पाणी पुढे आलं असतं, तर तहान नसतानाही मी घोटभर घेतलं असतं. घाई ही फार सभ्य सबब आहे. तिच्याआड काय काय ठेवता येतं, ते ठेवणाऱ्यालाही दिसत नाही. हळू चालणाऱ्या माणसाची ही सोय नसते.

म्हणून तुझा तो उन्हाळा आठवला. नामांतरावरून जाळपोळ झाली त्याच्या पुढचा. आपल्या गावात, झरीत, तशी आग लागली नव्हती, पण गाव दोन बाजूंना तोंडं करून बसलं होतं. आपल्या शेतात निंदायला येणाऱ्या, बौद्ध वस्तीतल्या बाईचा नवरा वारला आणि तू निघालीस. मी सुट्टीला आलेली, दुपारच्या एसटीनं परत जायचं होतं, म्हणून तुझ्यासोबत आले की तुला लवकर उठवता येईल. तू बाहेरच्या कट्ट्यावर बसलीस. त्या घरातली तुरीची डाळ निवडायला घेतलीस. मी खुणावतेय, "माय, चल. एसटी जाईल," आणि तू म्हणतेस, "जाऊ दे की. दुसरी न्हाई का येत?" ऊन कट्ट्यावर आलं. तू सरकलीस, पण उठली नाहीस. एसटी गेल्याचा आवाज ऐकू आला. मी रागानं लाल झाले होते. तुला पाणी विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. तू घेणार नाहीस हे त्यांना ठाऊक होतं, आणि नाही म्हणायची पाळी तुझ्यावर येऊ नये इतकी त्यांची रीत होती. मग तूच म्हणालीस, "घोटभर पानी दे गं बाई. घसा लय सुकलाय."

ती बाई आधी माझ्याकडे बघायला लागली. शिकलेली मी होते ना. मग तिनं तांब्या आणला. तू वरून धार धरली नाहीस. ओठ लावून प्यालीस, पुन्हा मागितलंस. परतताना मी विचारलं, "घरी काय सांगायचं?" तू म्हणालीस, "काय सांगायचंय त्यात? तहान लागली व्हती."

हा प्रसंग मी पुढे कितीदा सांगितला असेन! माझ्या आईनं त्या काळात असं केलं, म्हणून. पण तुला उगीच मोठं करणार नाही. त्याआधीही तू त्या वस्तीत मयतीला जायचीस आणि कोरड्या घशानं परत येऊन आपल्या रांजणातलं पाणी प्यायचीस, हे मी पाहिलं आहे. त्या दिवशी तू काही ठरवून आली नव्हतीस. तू नुसती बसलीस. इतकं बसलीस की रीतीपेक्षा तहान मोठी झाली. रीतीपुरतं बसून उठली असतीस, तर तुला ती लागलीच नसती.

आज रविवार. दुपारी मी परत तिच्याकडे गेले. घड्याळ घरी काढून ठेवलं, तेही जरा मिरवतच. पाहुणे गेले होते, म्हातारीही गावाकडे परतली होती. मैत्रीण शेंगा फोडत होती, मीही फोडायला लागले. मला पाणी कुणी विचारलं नाही. सुपातल्या शेंगा निम्म्या झाल्या. शेवटी मीच न राहवून म्हणाले, "त्या दिवशी मला खरंच घाई होती हो."

"असेल ना," ती म्हणाली. "सासूबाईंचं मनावर घेऊ नका. त्या बोलून मोकळ्या होतात."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट?" तिनं एक शेंग फोडली, दाणे खवट निघाले, टाकून दिले. "बाई, वाईट नवीन गोष्टीचं वाटतं."

मी पुढची शेंग उचलली. ऊन वाढलं, घसा खरोखर सुकला. मागावं, तर ते नाटक वाटेल. न मागावं, तर पुन्हा तेच. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं काम न थांबवता म्हणाली, "माठ आत आहे. पाहिजे तर उठून घ्या. मी काही आणून देणार नाही."

मी उठले, तिच्या स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी घेऊन प्याले. परत येऊन बसले. तिनं शेंगांचं सूप माझ्याकडे थोडं सरकवलं, बस.

निघाले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं, की कोपऱ्यावर पोचेपर्यंत हे तुला कसं लिहायचं, त्याची वाक्यं जुळायला लागली होती. घरी येऊन साडीही न बदलता लिहायला बसले. आता इथपर्यंत आल्यावर हात थांबला आहे. दोनदा मी तिच्या घरी गेले, दुसऱ्यांदा तर दुपारभर बसले, आणि दोन्ही वेळा मी माझंच बोलले, माझाच उशीर आणि माझंच पाणी. माय, तिचा नवरा कशानं गेला, हे मी तिला अजून विचारलेलंच नाही.